तिसऱ्यांदा विचारायची रीत

सीब, मस्कत
सोमवार, दुपार (घरात कुणी नाही)

चि. बाळकृष्णास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद घे, आणि तुला पुरून उरले तर माझ्या भावजयीलाही दे. तुझी साखर, तुझा डावा गुडघा आणि तुमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ या तिघांची प्रकृती कशी आहे ते कळव. मी येईपर्यंत तिघांपैकी एक तरी सुधारला असेल अशी आशा आहे. माझी भिस्त नळावर जास्त आहे. मी इथे खुशाल आहे. खुशाल म्हणजे गार आहे. या घरात एसी कधी बंद होत नाही, त्यामुळे ओमानसारख्या वाळवंटी मुलखात मी तुझ्या दाजींचा जुना स्वेटर घालून बसले आहे. निघताना तो बॅगेत टाकला तेव्हा निशांत फोनवर हसला होता. आता हसत नाही, आता त्याला माझ्या स्वेटरची सवय झाली आहे.

फोन सोडून कागद का काळे करतेय, असं तुला वाटेल. फोन निशांतनेच घेऊन दिलाय, आणि तुझं नाव त्यावर दिसलं की तो शेजारी येऊन बसतो, आई स्पीकरवर टाक, मलाही मामाशी बोलायचंय. (मामाशी बोलतो काय, तर क्रिकेट.) खालच्या मजल्यावरचे सादिकभाई उद्या त्यांच्या घरी दापोलीला चाललेत, ते मुंबईत उतरले की हे पाकीट पोस्टात टाकतील. आत पोह्याच्या पापडाची कृती आहे, असं मी त्यांना सांगितलंय. तुला कुणी विचारलं तर तूही तेच सांग.

आता मुद्दा. मी पुढच्या गुरुवारी परत येतेय. तिकीट पक्कं झालं. मी स्वतःच नाही म्हटलं म्हणून ते पक्कं झालं, त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही, आणि म्हणूनच हे पत्र लांबणार आहे.

झालं असं. इथे आल्यावर थोड्याच दिवसांत, एका संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत चहा घेत होतो. निशांत एकदम म्हणाला, आई, तू आता पुण्याला एकटी कशाला राहतेस, इथेच राहा आमच्याकडे, मी व्हिसाचं बघतो. बाळू, खोटं कशाला बोलू, मला हेच हवं होतं. तुझे दाजी गेल्यापासून हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून मी कान लावून बसले होते. तिकडे रोज एकटीपुरता भात लावायचा, तो एकटीने खायचा, आणि एकटी जेवणाऱ्या बाईला स्वतःला आग्रह करता येत नाही. कितीदा तरी मी उभ्याउभ्याच जेवले आहे, ओट्याशी. तर हे सगळं सांगायचं सोडून मी काय म्हणाले? मी म्हणाले, छे रे, मला काय करायचंय इथे, तिकडे माझं घर आहे, कुंड्या आहेत, भिशी आहे. आपल्यासारख्या घरातल्या बाईने पहिल्या विचारण्याला जे म्हणायचं तेच म्हणाले. मी कुंड्यांचं नाव घेतलं ते त्याने कुंड्यांचा बंदोबस्त सांगावा म्हणून. कुंड्या काय कुणालाही देता येतील, असं त्याने म्हणायचं. मग मी भिशीला धरून बसायचं. ती त्याने उडवून लावायची. मग मी गुडघे, दूधवाला, बँकेतलं लॉकर असं एकेक पुढे करायचं, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत नाइलाजाने तयार व्हायचं. साधी गोष्ट आहे. आणि माझा मुलगा काय म्हणाला? ओके आई. तुझा डिसिजन आहे, आय रिस्पेक्ट इट. असं म्हणून त्याने फोन काढला आणि परतीच्या तिकिटांचे दर बघायला लागला. उरलेला चहा मी तसाच गिळला. त्या दिवसापासून या घरात माझा फार रिस्पेक्ट होतोय.

तुला आठवतं ना आईने आपल्याला काय शिकवलं होतं? पहिल्या विचारण्याला हो म्हणतं ते पोर हावरट, दुसऱ्याला म्हणतं ते उपाशी, आणि तिसऱ्याला म्हणतं ते चांगल्या घरातलं. तू चौथीत असताना समोरच्या वकिलीणबाईंकडे आपण सत्यनारायणाला गेलो होतो. तू शिऱ्याला एकदा नको म्हणालास, दुसऱ्यांदा नको म्हणालास, आणि तिसऱ्यांदा विचारायच्या आत त्या बाई दुसऱ्या पंगतीकडे वळल्या. घरी येऊन तू इतका रडलास की आईला रात्री शिरा करावा लागला. करताना ती वकिलीणबाईंबद्दल जे काही बोलली ते मी लिहीत नाही, पण त्यात त्यांच्या संस्कारांचा उल्लेख होता. तेव्हा तू वाढणाऱ्याला दोष दिलास आणि आईनेही दिला. कुणीही तुला म्हटलं नाही की बाळा, तुझा डिसिजन होता. मग आता मी कुणाकडे जाऊन रडायचं?

वल्लरीचं मात्र सांगायला हवं. सून असून तिने दुसऱ्यांदा विचारलं. त्यानंतर दोन-चार दिवसांनी आम्ही दोघी मेथी निवडत होतो, तेव्हा म्हणाली, आई, खरंच राहा ना, आशूलाही आजी जवळ असली की बरं वाटेल. मी मनातल्या मनात हरखले, आणि रीतीप्रमाणे दुसरा नकार दिला (या वेळी भिशीवर जोर दिला). पुढची पायरी सरळ होती. पण ती थांबली. म्हणाली, बरं, तुम्हाला तिकडेच करमत असेल तर. तिच्या माहेरी बहुतेक दोनदाच विचारतात. मुंबईची माणसं, जागा लहान, तिसऱ्या आग्रहाला जागा कुठून असणार. तरी मुलगा एकावर थांबला आणि सून दोनावर पोचली, हे लक्षात ठेव, मी ठेवलं आहे.

आणि या देशात ही रीत नाही असं म्हणशील तर तेही खोटं. शेजारच्या घरात मजीद नावाचा ओमानी मुलगा राहतो, त्याच्या आईने मला एकदा कॉफीला बोलावलं. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही, त्यामुळे आमचं छान जमलं. वाटीएवढा बिनकानाचा कप, त्यात वेलदोड्याची कडू कॉफी, सोबत खजूर. संपला कप की तिने भरलाच. मी नको म्हटलं, तिने भरला. मी हाताने झाकला, तिने हात बाजूला करून भरला. बाळू, मला माहेरी आल्यासारखं वाटलं. किती कप झाले कुणास ठाऊक, रात्री मी घुबडासारखी जागी होते. दुसऱ्या दिवशी आशूने सांगितलं की इथे पुरे झालं की कप हलवून दाखवायचा असतो, तोवर त्या ओततच राहतात. म्हणजे बघ, या लोकांनीसुद्धा नकोचा शब्द बिनकामाचा ठरवून खरा नकार वेगळा ठेवलाय. आमच्या घरात मात्र माझ्या तोंडातून शब्द पडला की शिक्का बसतो.

आता शनिवारची हकीकत ऐक, म्हणजे माझं पित्त का खवळलंय ते कळेल. मी जाणार म्हणून निशांतने निझव्याची सहल काढली. निझवा म्हणजे आत डोंगरांकडचं जुनं गाव, किल्ला आहे, बाजार आहे. जाताना दोन्ही बाजूंना डोंगर, पण त्यावर गवताची काडी नाही. देवाने पाया घातला आणि पैसे संपले असावेत. मी पहाटे उठून दशम्या केल्या होत्या, बरोबर लसणाची चटणी. डबा बघून निशांत म्हणाला, आई, डबा कशाला, तिथे एक इटालियन सँडविचचं छोटंसं दुकान आहे, एकदम ऑथेंटिक, तो माणूस पावसुद्धा स्वतः भाजतो, लोक मस्कतहून खास जातात. ऑथेंटिक हा शब्द त्याने वाटेत इतक्यांदा उच्चारला की मला जप चाललाय असं वाटलं. डबा डिकीत गेला. चटणीची छोटी डबी मात्र मी पर्समध्ये टाकली, कारण पर्स माझी आहे.

किल्ला बघितला, बाजार बघितला, एका मडक्यासाठी निशांत-वल्लरीने बराच वेळ घासाघीस केली आणि मडकं न घेताच निघालो. दुपार झाली होती आणि माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले होते. दुकान किल्ल्यामागच्या गल्लीत. चार टेबलं, एक भट्टी, आणि फळ्यावर खडूने लिहिलेली सँडविचची जेमतेम चार नावं. त्यातल्या एका ओळीवरून निशांतची नजर घाईने खाली उतरली, त्यावरून त्यात काय असणार ते मी ओळखलं. खाली मोठ्या अक्षरांत सूचना होती की कुणीही काही बदलून मागू नये, सॉस मागू नये, पाव आणखी भाजून मागू नये. मालकाचं नाव एन्झो, नेपल्सकडचा, पोट सुटलेला, भुवया जाड. मस्कतच्या कुठल्याशा मोठ्या हॉटेलात आचारी होता, ते सोडून त्याने हे काढलं, असं निशांतने मला कानात सांगितलं. एका पाहुण्याने केचप मागितलं तेव्हा एन्झोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्या बिचाऱ्याने केचपचा हट्ट सोडलाच, वर पाणीही मागितलं नाही. मी त्याला भ्यायले नाही. मी पुण्यात संसार केलाय, दुकानदाराचा तोरा मला नवा नाही.

वास मात्र जीवघेणा होता. भट्टीतून येणारा ताजा पाव आणि वर भाजलेली वांगी. बाळू, भरताच्या वांग्यांचा वास, परमुलखात! रांगेत मी वयाने मोठी, म्हणून एन्झोने सुरीच्या टोकावर चीजचा एक काप घेऊन माझ्यापुढे धरला, चव बघा म्हणून. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आणि त्या पाण्यातूनच मी म्हणाले, नो नो, थँक यू. त्याने मान डोलावली आणि तो काप माझ्या मागच्या जर्मन बुवाला दिला. त्या बुवाने विचारणं पुरं व्हायच्या आतच तोंड उघडलं होतं. ते राष्ट्र पुढे का गेलं ते मला त्या क्षणी कळलं.

मग निशांतने विचारलं, आई, तू काय घेणार? मी म्हणाले, मला काही नको, मी आशूच्यातला तुकडा खाईन. हे वाक्य आपल्या आईने जन्मभर म्हटलं, मी जन्मभर म्हटलं, आणि आजवर कुठल्याही घरात त्याचा अर्थ मला काही नको असा झालेला नाही. निशांतने तीन सँडविच सांगितली. ती आली. पाव वीतभर जाड, त्यातून तेल ओघळतंय, वांगं ओघळतंय, चीज ओघळतंय. पहिला घास घेण्यापूर्वी तो म्हणाला, आई, नक्की नको ना? याला आग्रह म्हणत नाहीत. नक्की म्हटलं की माणूस पावतीवर सही मागतोय असं समजावं. मी सही केली. तिघं खायला लागली. वल्लरी डोळे मिटून खात होती, म्हणजे तिला तरी मी दिसत नव्हते. निशांत डोळे उघडे ठेवून खात होता, त्याला काय म्हणायचं? मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसले. शेवटी आशू म्हणाली, आजी, हा हार्ड पार्ट तू खा, माझ्या टूथला लागते. पावाची कड मिळाली मला. दशम्या तिकडे डिकीत दुसऱ्यांदा भाजून निघत होत्या.

कड काही मी कोरडी खाणार नव्हते. पर्समधून चटणीची डबी काढली आणि चिमूटभर चटणी वर घातली. निशांतचा चेहरा पडला. आई, प्लीज, ही ऑथेंटिक जागा आहे, असं तो दातांमधून म्हणतोय तोवर एन्झो टेबलापाशी येऊन उभा. भुवया वर. हे काय घातलंत माझ्या पावावर? निशांत माफी मागायला लागला. मी मागितली नाही. मी डबी पुढे केली, घ्या म्हटलं. नो, सिन्योरा. मी म्हटलं, थोडी. नो, नो. मग मी रीतसर तिसरी पायरी चढले: कडेचा तुकडा मोडला, वर चटणी दाबली आणि त्याच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटवली. आता एवढं केल्यावर कुठला माणूस टाकून देईल? त्याने खाल्लं. एक क्षण काही झालं नाही, मग डोळ्यांत पाणी आलं, मग त्याने टेबलावर थाप मारली, आणि मग तोच हात पुन्हा पुढे केला. लसूण त्याच्या ओळखीचा निघाला.

हसत हसत त्याने विचारलं, मी दोनदा नाही म्हणालो, तरी तुम्ही मला का दिलंत? आणि आता नीट वाच, बाळू, यासाठीच मी पत्र लिहितेय. उत्तर निशांतने दिलं. माझ्या मुलाने. सुरेख इंग्रजीत, हातवारे करत, त्याने त्या इटालियनाला समजावून सांगितलं की आमच्यात पहिल्या नाहीला अर्थ नसतो, ती नुसती सभ्यता असते. दुसरी नाही म्हणजे समोरच्याला खरंच आपण हवे आहोत का, याची चाचपणी. म्हणून तिसऱ्यांदा विचारायचं, विचारत राहायचं, ती आमची माया दाखवायची रीत आहे. विशेषतः आमच्या आयांच्या बाबतीत हे फार लक्षात ठेवावं लागतं, असंसुद्धा म्हणाला! वल्लरीने मान डोलावली. मी हातातली कड खाली ठेवली आणि निशांतच्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पेटणार ट्यूब. आता हा माझ्याकडे वळणार. बराच वेळ बघितलं. नुसती लुकलुकलीसुद्धा नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आपण लहानपणी पाठ करायचो. तिच्यातला पाषाण माझ्याच पोटी येईल असं वाटलं नव्हतं.

एन्झो मात्र आत गेला आणि माझ्यासाठी वेगळं सँडविच घेऊन आला. पुढे धरून म्हणाला, प्लीज. मी म्हटलं, नो. तो हसला. पुन्हा म्हणाला, प्लीज. मी पुन्हा नो म्हटलं, कारण शिकाऊ माणसाला सोपं करून देऊ नये. तिसऱ्यांदा त्याने विचारलंच नाही, बशी माझ्यापुढे आदळली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. खाल्लं मी. सगळं खाल्लं. वांगं लोण्यासारखं, पावाची पाठ कुरकुरीत आणि पोट मऊ, मीठ अगदी बेताचं. चटणी घातली नाही मी त्यात, गरज नव्हती. डोळे भरून आले ते मी मघाच्या चटणीवर ढकललं. जे माझ्या पोराला इतक्या वर्षांत उमगलं नाही ते एका परक्याला एका चिमटीत उमगलं, याचं मला हसू येत होतं की रडू ते कळेना. दोन्ही येत होतं.

गिऱ्हाईक कमी झालं तसा एन्झो आमच्यापाशीच टेकला. त्याची आई तिकडे डोंगरातल्या गावात एकटी असते. वडील गेले. दर नव्या वर्षाला हा फोन करून म्हणतो, माझ्याकडे येऊन राहा. ती म्हणते, माझ्या कोंबड्यांकडे कोण बघेल? हा म्हणतो, बरं. झालं, पुढच्या वर्षापर्यंत विषय बंद. कोंबड्या, बाळू! तिच्या कोंबड्या आणि माझ्या कुंड्या! मला राहवलं नाही. मी निशांतची वाट न बघता माझ्या इंग्रजीत सांगितलं, हेन्स नो प्रॉब्लेम. आस्क अगेन. अँड अगेन. नाऊ. त्याने माझ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि तिथेच फोन लावला. तिकडे सकाळ होती. तो काहीतरी बोलला. पलीकडून नो आला, तो मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला, अगदी आपल्या वळणाचा. त्याने पुन्हा म्हटलं, पुन्हा नो. मग तो उठून उभा राहिला आणि तिसऱ्यांदा इतक्या मोठ्यांदा बोलला की गल्लीतलं मांजर पळालं. यावर पलीकडे शांतता. फार वेळ शांतता. मग म्हातारीने बारीक आवाजात काहीतरी विचारलं. एन्झोने फोनवर हात ठेवून आम्हाला सांगितलं, ती विचारतेय, तिकडे उकडतं का? म्हणजे ठरलं! कोंबड्या शेजारणीकडे जाणार आहेत आणि बाई ईस्टरनंतर निझव्याला येतेय, मुलाकडे, राहायला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निशांतने त्याचा व्हिडिओ काढलाय आणि घरच्या ग्रुपवर टाकलाय. त्यात कोपऱ्यात पदराने डोळे टिपताना दिसते ती मी. तू त्यावर हात जोडल्याचं चित्र पाठवलंस, तेही मी पाहिलं. म्हणजे माझ्या सांगण्यावरून इटलीच्या डोंगरातली एक म्हातारी ओमानला येतेय, आणि मी ओमानहून चाललेय. असं पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होतं ते देवाला ठाऊक, माझ्या तर होत नाही.

परतताना निशांत खुशीत होता. काय माणूस आहे ना, आई? आणि बघ, किती साधी गोष्ट, नुसतं तिसऱ्यांदा विचारायचं होतं त्याला. मी म्हटलं, हो ना. तो म्हणाला, इतकी वर्षं त्याने विचारलंच नाही, कमाल आहे. मी म्हटलं, कमालच आहे. मग आरशातून माझ्याकडे बघून म्हणाला, आई. बाळू, मी सरळ होऊन बसले. कुंड्या कुणाला द्यायच्या तेही माझं ठरलं होतं. तो म्हणाला, एसी जास्त होतोय का, कमी करू? आणि मी, तुझी ही शहाणी बहीण, काय म्हणाले असेन? नको रे, ठीक आहे. त्याने रिस्पेक्ट केला. स्वेटर डिकीत होता, दशम्यांजवळ. सीबपर्यंत मी कुडकुडत आले.

असो. माझी बॅग भरून तयार आहे. तुमच्यासाठी खजूर आणि ओमानी हलवा घेतलाय. तुझ्या साखरेला तो चालणार नाही, तेव्हा तू फक्त वास घे. माझं इथे उत्तम चाललंय, पोरं चांगली आहेत, मला काही कमी नाही आणि मला कुणाकडून काही नको. गुडघ्याला तेल लावत जा. नळाचं बघ.

तुझी,
अक्का (सुरेखा)

ता. क. विमानतळावर घ्यायला येऊ नकोस. उगाच साताऱ्याहून मुंबईपर्यंत धावपळ. मी माझी टॅक्सी करून पुण्याला जाईन, बॅगा जड आहेत तरी. विमान सकाळी उतरतं.

आणखी एक. पापडाची कृती म्हणून कुणी विचारलं तर दाखवायला काही हवं, म्हणून सांगते: पोह्याचं पीठ फार घट्ट भिजवू नये. आता खरं. पत्र मिळाल्याबरोबर निशांतला फोन कर. मी लिहिलंय असं बोलू नकोस. तू मामा आहेस, तुला हक्क आहे, नुसतं म्हण, आईला पुन्हा विचार. तो म्हणेल, मामा, मी विचारलं होतं, ती नाही म्हणाली. तेव्हा त्याला एन्झोची आठवण करून दे. आणि नीट समजावून सांग, की आता विचारशील तेव्हाही ती नाहीच म्हणेल. तेव्हा फोन काढायचा नाही, जागेवरून हलायचं नाही, पुन्हा विचारायचं. मग मी कुंड्या काढीन. कुंड्यांना उत्तर द्यायचं. त्यानंतर मी गप्प बसेन. गप्प बसले की व्हिसाच्या कामाला लाग म्हणावं.

अगदी शेवटचं. हे सगळं वाचून तुला वाटेल, निशांतच्या ध्यानात नाहीच आलं तर अक्काला आपणच साताऱ्याला आणून ठेवावं. तसलं काही मनात आणू नकोस. तुझी जागा लहान, तुझी बायको तिखट, आणि माझ्या कुंड्या आहेत. दाजींच्या तेराव्याला तू विचारलं होतंस तेव्हा मी एकदा नको म्हणाले होते. हे दुसऱ्यांदा.